क्लाउड संगणन आणि महाविद्यालयाचे दप्तर : दैनंदिन कामकाजाच्या अंगाने विवेचन

प्रस्तावना

प्रवेशअर्ज, हजेरीपट, गुणतक्ते, विविध समित्यांची इतिवृत्ते, विद्यापीठाची परिपत्रके आणि या सर्वांच्या आधारे दरवर्षी तयार होणारा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा अहवाल, अशी कागदपत्रांची एक न संपणारी साखळी प्रत्येक महाविद्यालयात असते. गेल्या दीड-दोन दशकांत या साखळीचा बराचसा भाग कपाटातून संगणकात आणि संगणकातून क्लाउडमध्ये गेला. २०२० साली कोविड-१९ च्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली, तेव्हा हे स्थलांतर फारच घाईने पार पडले. ज्या प्राध्यापकाला जे साधन अवगत होते, ते त्याने स्वतःच्या खात्यावर सुरू केले आणि काम निभावून नेले. त्या वेळी ते योग्यच होते. परंतु त्या घाईत लागलेल्या सवयी पुढेही तशाच राहिल्या, आणि महाविद्यालयाचे दप्तर नेमके कोठे आहे, ते कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नाचे उत्तर अनेक ठिकाणी अवघड होऊन बसले. प्रस्तुत लेखात क्लाउड संगणनाची संकल्पना थोडक्यात मांडून दैनंदिन कामकाजातील तिच्या वापराचा आणि शेवटी या मालकीच्या प्रश्नाचा विचार केला आहे.

संकल्पना

संगणनशक्ती ही वीज किंवा दूरध्वनीप्रमाणे सार्वजनिक सेवा म्हणून पुरविता येईल, हा विचार अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शताब्दी समारंभातील भाषणात मांडला होता. तो व्यापारी पातळीवर सिद्ध होण्यास पुढे चार दशकांहून अधिक काळ लागला. ॲमेझॉन कंपनीने २००६ च्या मार्चमध्ये साठवणुकीची आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संगणनशक्ती भाड्याने देण्याची सेवा सुरू केली, तेथून आजच्या अर्थाने क्लाउडचा प्रारंभ मानला जातो.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ साली केलेली व्याख्या आज सर्वत्र प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार क्लाउडची पाच लक्षणे आहेत : मागणी करताच मिळणारी सेवा, कोणत्याही उपकरणावरून जाळ्याद्वारे पोहोच, अनेक ग्राहकांत वाटून वापरली जाणारी साधनसंपत्ती, गरजेनुसार तत्काळ वाढ किंवा घट, आणि मोजून केलेली आकारणी. याच व्याख्येत पायाभूत सुविधा, प्लॅटफॉर्म आणि सॉफ्टवेअर असे सेवेचे तीन प्रकार सांगितले आहेत. संगणकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत या तीन प्रकारांतील फरक हमखास विचारला जातो. महाविद्यालयाच्या कार्यालयाला मात्र तिसऱ्या प्रकाराशीच कर्तव्य असते. ई-मेल, सामायिक दस्तऐवज, कोष्टके, प्रश्नावल्या आणि दृक्‌श्राव्य बैठका हे सर्व त्यात येते.

‘क्लाउड’ या नावामुळे माहिती कोठेतरी अधांतरी असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती एखाद्या इमारतीतील यंत्रांवर असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात जी केंद्रे सुरू केली, त्यांपैकी एक पुणे येथे आहे. ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपली केंद्रे कार्यान्वित केली. या इमारतींना आग लागू शकते, त्यांचा वीजपुरवठा बंद पडू शकतो, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. त्याचा संदर्भ पुढे येईल.

एक दस्तऐवज, एक प्रत

क्लाउडचा सर्वांत मोठा लाभ साठवणुकीच्या जागेत नाही. एकाच दस्तऐवजावर अनेकांना एकाच वेळी काम करता येणे, हा तो लाभ होय. तरीही बहुतेक विभागांत अहवालाची फाइल ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपने पाठविली जाते, पाच जण आपापल्या संगणकावर तिच्यात भर घालतात आणि पाच निरनिराळ्या फाइली समन्वयकाकडे परत येतात. मग ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम दुरुस्त’ अशा नावांची मालिका सुरू होते. यांतील अंतिम कोणती, हे ज्याने शेवटची दुरुस्ती केली त्यालाही काही महिन्यांनी सांगता येत नाही.

येथे नियम साधा आहे. फाइल पाठवू नये, फाइलची लिंक पाठवावी. दस्तऐवज एकाच ठिकाणी राहतो, प्रत्येकाने कोणता बदल केव्हा केला याची नोंद आवृत्तींच्या इतिहासात राहते, आणि चूक झाल्यास आधीची आवृत्ती परत आणता येते. सूचना करावयाची असल्यास मूळ मजकुरात बदल न करता ‘टिप्पणी’ किंवा ‘सुचविणे’ या सोयीचा वापर करावा. इतिवृत्ताच्या मसुद्याबाबत तर हे अगत्याचे आहे, कारण तेथे कोणी काय सुचविले हेही कधी कधी महत्त्वाचे ठरते. मात्र हा सविस्तर इतिहास गूगल डॉक्ससारख्या क्लाउडच्या स्वतःच्या स्वरूपातील फाइलींना लाभतो. वर्डची फाइल गूगल ड्राइव्हवर नुसती आणून ठेवली, तर तिच्या जुन्या आवृत्त्या तीस दिवसांनंतर काढून टाकल्या जाऊ शकतात.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांत वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, म्हणून क्लाउड तेथे उपयोगाचे नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतःच खरा आहे. नेटवर्क नसतानाही काम करण्याची सोय या साधनांत असते. परंतु ती नेटवर्क असतानाच सुरू करून ठेवावी लागते. हे आधी केलेले नसल्याने ऐन वेळी अडचण होते.

शोध आणि देवनागरी

कागदी दप्तरात फाइल सापडणे हे लिपिकाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असते. क्लाउडमध्ये ते शोधयंत्रावर अवलंबून असते. परंतु मराठी मजकुराच्या बाबतीत हा लाभ आपोआप मिळत नाही, आणि याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

नव्वदच्या दशकापासून महाराष्ट्रातील कार्यालयांत श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारखे फॉन्ट रूढ झाले. त्यांच्यातील बहुतेक जुना मजकूर युनिकोडमध्ये नाही. पडद्यावर ‘प्राचार्य’ असा शब्द दिसत असला, तरी फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हे यांची एक निरर्थक मालिका साठविलेली असते. फॉन्ट तिला देवनागरीचे रूप देतो, इतकेच. अशी फाइल क्लाउडमध्ये ठेवून ‘प्राचार्य’ हा शब्द शोधल्यास काहीही हाती लागत नाही, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती उघडल्यास वाचताही येत नाही. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा समावेश आहे. तरीही छापखान्याच्या सोयीसाठी म्हणून जुन्या फॉन्टचा वापर काही कार्यालयांत चालूच राहिला. नवीन मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करणे आणि जुन्यातील महत्त्वाची इतिवृत्ते व ठराव फॉन्ट-परिवर्तकाच्या साहाय्याने रूपांतरित करून, तपासून ठेवणे, हे काम एखाद्या सुटीच्या कालावधीत हाती घेण्याजोगे आहे. रूपांतरात जोडाक्षरे व रफार यांच्या चुका राहतात, त्यामुळे तपासणी टाळता येत नाही.

युनिकोड वापरूनही एक सूक्ष्म अडचण उरते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. त्यापूर्वी, आणि काही कळफलकांवर आजही, ते ‘अ’ आणि त्यापुढे चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या दृष्टीने ती भिन्न आहेत. परिणामी ‘ॲकॅडमिक’ या नावाने ठेवलेली फाइल दुसऱ्या कळफलकावरून शोधल्यास सापडेलच असे नाही. ‘सुट्ट्या’मधील ‘ट्ट्य’ची गोष्ट वेगळी, पण ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील अर्ध्या ‘र’चीही अशीच दोन रूपे प्रचारात आहेत. यासाठी विभागातील सर्वांनी एकच कळफलक, शक्यतो इनस्क्रिप्ट, वापरणे श्रेयस्कर. ते शक्य नसल्यास फाइलच्या नावात अशी अक्षरे टाळावीत.

फाइलच्या नावाविषयी आणखी एक सूचना येथेच करणे योग्य होईल. नावाचा प्रारंभ दिनांकाने करावा आणि तो वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावा. उदाहरणार्थ, ‘२०२४-०६-१५ ग्रंथालय समिती इतिवृत्त’. असे केल्यास नावांची वर्णानुक्रमे मांडणी आपोआप कालानुक्रमे होते. अंक देवनागरी असोत वा रोमन, सर्व फाइलींत एकाच प्रकारचे असावेत. दिवस आधी लिहिण्याची आपली नेहमीची पद्धत येथे उपयोगी पडत नाही, कारण तीत जानेवारी आणि जून यांच्या पहिल्या तारखा शेजारी येऊन बसतात.

कोष्टके, अर्ज आणि विद्यार्थ्यांची माहिती

कोष्टकांच्या वापरातील एका धोक्याचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधरा अंकच अचूक साठविते. काही विद्यापीठांचा कायम नोंदणी क्रमांक सोळा अंकी असतो. असा क्रमांक संख्या म्हणून भरला, की त्याचा शेवटचा अंक शून्य होतो आणि वर्गातील अनेक विद्यार्थ्यांचे क्रमांक सारखे दिसू लागतात. यंत्र कोणताही इशारा देत नाही. शिष्यवृत्तीसाठी घेतलेल्या बँक खाते क्रमांकांच्या आरंभीची शून्येही अशीच नाहीशी होतात. उपाय एकच : माहिती भरण्यापूर्वी त्या स्तंभाचे स्वरूप ‘मजकूर’ असे निश्चित करावे. एका ओळीत एकच विद्यार्थी, आणि खाने एकत्र न जोडणे, हे दोन नियम पाळले तर पुढील वर्गीकरण व मोजणी सुकर होते. शोभेसाठी जोडलेले खाने वर्गीकरण करताना हटकून आडवे येतात.

विद्यार्थ्यांकडून माहिती गोळा करताना सर्वांना एकच कोष्टक संपादनासाठी खुले करून देण्याची प्रथा काही वर्गांत आढळते. त्यात एकाने दुसऱ्याची नोंद पुसण्याची शक्यता तर असतेच, शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याचा भ्रमणध्वनी, जात प्रवर्ग आणि कधी कधी आधार क्रमांकही साऱ्या वर्गाला दिसतो. प्रश्नावलीद्वारे माहिती घेतल्यास हे टळते. ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ हा पर्याय निवडताना ती लिंक व्हॉट्सॲपच्या एका गटातून दुसऱ्या गटात किती सहज जाते, याचा विचार करावा. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कोणत्या कारणासाठी घेतली जात आहे हे सांगणे, तेवढीच माहिती घेणे आणि ती सुरक्षित राखणे, ही जबाबदारी या कायद्याने माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. आधार क्रमांकाची खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न प्रश्नावली तयार करतानाच विचारलेला बरा.

वेळेचे नियोजन

या साधनांमुळे वेळ वाचतो, तसा तो जातोही. दर पाच मिनिटांनी येणाऱ्या सूचनांमुळे अध्यापनाची तयारी खंडित होते. ई-मेल दिवसातून दोन ठरावीक वेळा पाहणे, विद्यापीठाची परिपत्रके फिल्टर लावून एका स्वतंत्र लेबलखाली आणणे, परीक्षाअर्ज, वार्षिक अहवाल, समित्यांच्या बैठका यांच्या तारखा वर्षारंभीच सामायिक दिनदर्शिकेत नोंदविणे, एवढे केले तरी पुष्कळ साधते. कमी उपस्थितीची पत्रे एकेक करून लिहिण्याऐवजी एक नमुना व एक कोष्टक यांच्या जुळणीने सर्व पत्रे एकदम तयार होतात. ही सोय क्लाउडच्याही आधीपासूनची आहे आणि तरीही फार थोड्या विभागांत वापरली जाते. व्हॉट्सॲप हे निरोपाचे साधन आहे. त्यावरून आलेले परिपत्रक दप्तरात जमा झाले, असे समजू नये.

सिंक म्हणजे राखीव प्रत नव्हे

संगणकावरील फोल्डर क्लाउडशी जोडलेला असला म्हणजे माहिती सुरक्षित झाली, हा एक व्यापक गैरसमज आहे. अशी जोडणी दोन्ही ठिकाणची स्थिती सारखी राखते. एका ठिकाणी फाइल पुसली गेली, तर दुसरीकडेही ती पुसली जाते. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला, तर त्या कुलूपबंद फाइलीच क्लाउडमध्ये पोहोचतात. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील फाइली तीस दिवसांनी आपोआप नष्ट होतात. मे महिन्यात चुकून पुसलेली फाइल जुलैमध्ये आठवली, तर ती मिळण्याची आशा धरता येत नाही.

सेवा पुरविणाऱ्याकडे सर्व सुरक्षित असते, हेही गृहीत धरता येत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात बॅटऱ्यांमुळे आग लागली. तेथील सरकारी कर्मचाऱ्यांची ‘जी-ड्राइव्ह’ ही सामायिक साठवणूक सेवा त्यात नष्ट झाली. तिच्यातील माहिती ८५८ टेराबाइट होती आणि आकारमान मोठे असल्यामुळे तिची बाहेर कोठेही राखीव प्रत ठेवलेली नव्हती. ज्या विभागाने आपली सर्व कामकाजाची कागदपत्रे याच ठिकाणी ठेवण्याचा नियम कसोशीने पाळला होता, त्याचे नुकसान सर्वाधिक झाले. शिस्त होती, पण प्रत एकच होती.

तीन प्रती, दोन भिन्न माध्यमे आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी, हा जुना नियम महाविद्यालयालाही पुरेसा आहे. सत्र संपताच महत्त्वाचे दप्तर क्लाउडमधून उतरवून एका बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावे, तिच्यावर दिनांक घालावा आणि ती ग्रंथालयात ठेवावी. डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवल्यास तिचा उपयोग उरत नाही.

मालकीचा प्रश्न

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. कर्मचारी निवृत्त होतो किंवा त्याची बदली होते, तेव्हा कार्यभार हस्तांतराची यादी करण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. कपाटांच्या किल्ल्या, जडसंग्रह नोंदवही, आवक-जावक नोंदवह्या, चालू फाइली यांची नोंद होते, देणारा व घेणारा दोघेही सह्या करतात आणि मगच कार्यमुक्तीचा आदेश निघतो. या यादीत क्लाउडवरील दप्तराचा उल्लेख मात्र क्वचितच असतो.

याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. एखादे प्राध्यापक पाच-सहा वर्षे गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक असतात. फीडबॅकच्या प्रश्नावल्या, कार्यक्रमांची छायाचित्रे, माजी विद्यार्थ्यांची सूची, हे सर्व त्यांच्या वैयक्तिक जीमेल खात्यावर असते. इतरांना केवळ लिंक दिलेली असते. ते निवृत्त होतात. लिंक चालू असतात, त्यामुळे काही बिघडले आहे असे कोणालाच वाटत नाही. परंतु फाइलची मालकी त्या व्यक्तीची असते. तिने खात्यातील जागा मोकळी करण्यासाठी जुन्या फाइली पुसल्या, तर तो तिचा अधिकारच आहे. वैयक्तिक खात्याला ई-मेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे मिळून विनामूल्य मिळणारी जागा पंधरा गीगाबाइट आहे आणि जून २०२१ पासून नव्या छायाचित्रांचाही तीत हिशेब होतो, तेव्हा असे पुसणे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यातील मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. केवळ एका अहवालासाठी उघडलेली, पुढे विस्मरणात गेलेली खाती या धोरणाच्या कक्षेत येतात. नॅकने २०१७ साली लागू केलेल्या मूल्यांकन पद्धतीत पाच वर्षांची आकडेवारी पुराव्यांसह सादर करावी लागत असे व तिची पडताळणीही होत असे. अशा वेळी चार वर्षांपूर्वीच्या पुराव्याची लिंक उघडत नाही, हे लक्षात येऊन उपयोग नसतो.

संस्थेच्या नावाने घेतलेल्या खात्यांमुळे हा प्रश्न बराचसा सुटतो. शैक्षणिक संस्थांसाठी असलेली गूगलची मूळ सेवा विनामूल्य आहे. मात्र २०२१ साली जाहीर केलेल्या बदलानुसार संपूर्ण संस्थेला मिळून शंभर टेराबाइटची मर्यादा घातली गेली आहे. परंतु संस्थेचे खाते असले तरी ‘माझा ड्राइव्ह’ आणि ‘सामायिक ड्राइव्ह’ यांतील भेद समजून घ्यावा लागतो. पहिल्यातील फाइलचा मालक ती तयार करणारा कर्मचारी असतो आणि मालकी दुसऱ्याकडे वर्ग न करता त्याचे खाते बंद केले, तर फाइलीही जातात. दुसऱ्यातील फाइलची मालकी संस्थेकडे असते. कर्मचारी आले-गेले तरी ती जागेवर राहते. म्हणून परीक्षा, प्रवेश, ग्रंथालय, गुणवत्ता हमी कक्ष यांचे दप्तर प्रारंभापासून सामायिक ड्राइव्हमध्येच ठेवावे. जुन्या वैयक्तिक खात्यातील फाइलींची मालकी संस्थेच्या खात्याकडे थेट सुपूर्द करता येत नाही. त्यांच्या प्रती काढून घ्याव्या लागतात, आणि हे काम संबंधित व्यक्ती सेवेत असतानाच होणे हिताचे.

याला जोडूनच पासवर्डचा विषय येतो. एकच खाते, त्याचा पासवर्ड चौघांना ठाऊक आणि पडताळणीचा ओटीपी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाच्या मोबाइलवर, अशी परिस्थिती अपवादात्मक नाही. प्रवेशप्रक्रिया ऐन भरात असताना खाते उघडेना झाले, की त्या लिपिकाचा शोध सुरू होतो. प्रत्येकाला स्वतःचे खाते आणि कामापुरता अधिकार देणे हा खरा उपाय आहे. पुनर्प्राप्तीसाठी महाविद्यालयाचा अधिकृत मोबाइल क्रमांक द्यावा. संपूर्ण व्यवस्थेचा प्रशासक एकच नसावा; किमान दोघे असावेत, व त्यांपैकी एक कायमस्वरूपी सेवेतील असावा. प्रशासकाच्या खात्याचे आपत्कालीन सांकेतिक क्रमांक छापून, बंद पाकिटात घालून, प्राचार्यांच्या तिजोरीत ठेवावेत.

कार्यभार हस्तांतराच्या यादीत मग चार रकाने वाढवावे लागतील : खात्याचे नाव, त्यावर असलेल्या दप्तराचा तपशील, पुनर्प्राप्तीचा मोबाइल क्रमांक बदलल्याचा दिनांक, आणि घेणाऱ्याने ते खाते स्वतः उघडून पाहिल्याची सही. यांतील शेवटचा रकाना कार्यमुक्तीच्या दिवसापूर्वी किमान पंधरवडाभर भरला जावा, म्हणजे काही राहिले असल्यास विचारण्यासाठी ती व्यक्ती अजून कार्यालयात असते.